लिंबापाशी ठरलेली शर्यत

साहेब, तुम्ही गवत चोरलंत.

पैसा खाणारे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ झाले, रस्ता खाणारे झाले, पाझर तलाव खाणारे झाले. त्यांची नावं घ्यायला बसलो तर कळमनुरीहून औंढ्याला पोचेपर्यंत एसटीत यादी संपायची नाही. पण गवत खाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. तेही लपूनछपून नाही. मांडव घालून, गळ्यात हार घेऊन, माईकवर स्वतःचं नाव पुकारून. बाकीचे खाल्ल्यावर तोंड पुसतात, तुम्ही खाल्ल्यावर भाषण करता.

तुम्हाला सगळं माहीत आहे. पण हे वाचणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

गावाच्या उगवतीला चाळीस एकर गायरान आहे. माझ्या आज्याच्या आज्यापासून तिथं गावाची जनावरं चरत आली. सहा वर्षांमागं तुम्ही जत्रा समितीचे अध्यक्ष झालात आणि घोड्यांच्या शर्यतीला मैदान पाहिजे म्हणून गायरानाला तारेचं कुंपण घातलंत. शर्यतीला लागते एक पट्टी, चारशे मीटर लांब. कुंपण मात्र चाळीस एकराला. वर फाटक, वर कुलूप. लोक ओरडले, तेव्हा तुम्ही मन मोठं केलंत आणि नियम काढलात: चंपाषष्ठीच्या जत्रेत ज्याचा घोडा पहिला येईल त्याची जनावरं पुढच्या चंपाषष्ठीपर्यंत गायरानात चरतील, दुसऱ्या कुणाची नाही. काय न्याय! जात नाही, पात नाही, गरीब नाही, श्रीमंत नाही. फक्त एक घोडा पाहिजे आणि तो तुमच्या घोड्याच्या पुढं यायला पाहिजे.

पाच वर्षं तुमचा वादळ पहिला आला. पाच वर्षं तुमच्या डेअरीच्या साठ म्हशी कायदेशीर चरल्या.

मी धम्मानंद. पाट्या रंगवतो. दहावीला दोनदा बसलो, दोनदा उठलो. या लिहिण्यात शुद्धलेखन चुकलं तर दोष माझा धरू नका, शाळा तुमच्याच संस्थेची होती. जत्रेत माझ्याकडं तीन कामं असतात: घोड्यांच्या पुठ्ठ्यावर नंबर रंगवायचे, पट्टीला चुन्याची फक्की मारायची, आणि शर्यत सुटली की लिंबापाशी झेंडी घेऊन उभं राहायचं. आमच्याकडची शर्यत अशी, की मांडवापुढून सुटायचं, पट्टी संपते तिथल्या लिंबाला वळसा घालायचा आणि परत मांडवापाशी यायचं. वळसा न घालता कुणी मधूनच फिरला तर झेंडी दाखवायची, एवढं माझं काम.

पहिल्या वर्षी मी तुमच्या चिटणिसाला विचारलं होतं, "मला काहून तिकडं? हितं मांडवात बी माणूस लागतोच की."

तो म्हणाला, "तुला उन्हाची सवय हाय ना बाबा."

बराबर आहे. मांडवात खुर्च्या मोजक्या आणि कोणी कुठं बसायचं ते ठरलेलं. पण तुम्ही एक चूक केलीत, साहेब. मांडवातल्या माणसाला शर्यतीची सुरुवात दिसते, शेवट दिसतो. मधे नुसती धूळ. शर्यत तर मधेच होते. लिंबापाशी कोण आधी पोचला, त्याच्या तोंडाला फेस होता का, स्वारानं लगाम ओढून धरलेला होता का सोडून दिला होता, घोड्याचे कान उभे होते का मागं पडले होते, हे सबंध गावात एकट्या माणसाला दिसायचं. त्याला तुम्हीच तिथं उभं केलं होतंत.

दुसऱ्या वर्षापासून मी मोबाईलमधलं घड्याळ लावायला लागलो. वही केली. लिंबापर्यंत किती सेकंद, लिंबापासून मांडवापर्यंत किती. चार वर्षांत मला कळलं की घोडे तीनच जातीचे. मी रंगाऱ्याच्या अकलेनं त्यांना नावं दिली. एक आगपेटी: ओढली की भडकते, सुटल्या सुटल्या पुढं. एक सावली: पुढच्याच्या मागं मागं राहते आणि शेवटाला डोकं काढते. आणि एक निखारा: सुरुवातीला जिवंत आहे का मेलाय ते कळत नाही, पण शेवटपर्यंत तेवढाच गरम.

आता यात कोण भारी असं मला विचारू नका. एकट्या घोड्याला बघून काही सांगता येत नाही, तो कुणाबरोबर पळतोय ते बघावं लागतं. शर्यतीत एकच आगपेटी असली तर ती निवांत जळते. कुणी मानेवर नाही, स्वार लगाम धरून दम राखतो आणि परत येताना तो दम वापरतो. ती जिंकते. पण दोन आगपेट्या एका शर्यतीत घातल्या की एक दुसरीला पेटवते. दोन्ही लिंबापर्यंत राख. मग मागून निखारा येतो आणि लोक म्हणतात, देवाची करणी! देव बिचारा मांडवात बसलेला असतो, त्याला तर मधलं काही दिसलेलंच नसतं.

तुमचा वादळ आगपेटी. लिंबापर्यंत अठ्ठावीस, परत एकतीस, एकूण एकोणसाठ सेकंद. पाच वर्षं एकटाच पुढं पळाला. दुसरी आगपेटी आली नाही असं नाही, येणाऱ्यांनी लगाम धरला. एकाचं पोरगं तुमच्या शाळेत शिपाई, एकाचा ऊस तुमच्या शब्दावर तुटतो, एकाला सरपंच व्हायचं होतं. एकदाच, दोन वर्षांमागं, वसमतचा एक वरातीचा घोडा आला होता. त्याला आणि त्याच्या स्वाराला तुमची ओळख नव्हती. तो गटाच्या शर्यतीत लिंबापर्यंत वादळच्या मानेला मान लावून पळाला. त्या दिवशी वादळला परत यायला सदतीस सेकंद लागले. जिंकला, कारण बाकीच्यांनी जिंकू दिला. मांडवात फटाके वाजले. मी वहीत लिहून ठेवलं.

आता अनुसयाबाईंचं सांगतो. एकशेचाळीस मेंढरं. थोरला मुलगा गेला पुण्याला, धाकटा शिवहार आईजवळ. पूर्वी या दिवसांत सोयाबीन निघालं की रानं मोकळी व्हायची, लेंडीखतासाठी मेंढरं बसवायला शेतकरी बोलवायचे. आता सोयाबीनच्या मागं लगेच हरभरा. उभ्या हळदीत, तुरीत मेंढरू घातलं तर लोक कुऱ्हाड काढतात. राहिलं गायरान. त्याच्या तारेबाहेरून तिची मेंढरं आत बघत जायची आणि आतून तुमच्या म्हशी बाहेर बघायच्या. दोन सालं ती पैनगंगेपलीकडं गेली. मागच्या साली तिकडून बावीस कमी घेऊन आली. औंदा ती म्हणाली, आता जात नाही. आणि आपली घोडी घेऊन नाव नोंदवायला आली.

चिटणीस हसला. "मावशे, ही शर्यत हाय. बाजाराला न्यायची घोडी हितं काय कामाची?"

"नियमात घोडी चालती का न्हाई, तेवढं बोल."

"चालती की. पण पळती का?"

"ते मी बघते. तू नाव लिव्ह. लिहिता येतं न्हवं?"

घोडीचं नाव कवडी. ठेंगणी, पोटाळ, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. तळ हलला की तिच्या पाठीवर भांडी, घोंगड्या आणि दोन्हीकडच्या झोळ्यांत त्या आठवड्यात जन्मलेली कोकरं. झटक्यानं निघालं की कोकरू पडतं, हे तिला शिंगरूपणापासून ठाऊक. म्हणून ती सुटताना उसळत नाही. माईकवर शर्यतीचं वर्णन करणारे ज्ञानबा गुरुजी म्हणाले, "कवडी अजून विचार करत आहे," आणि मांडव खदखदला. पण दिवसाला सात कोस चालून तिच्या छातीत जो दम साठला, तो बदाम खाऊन येत नाही. गटाच्या शर्यतीत मी घड्याळ लावलं. लिंबापर्यंत बत्तीस. परत एकतीस. तिच्या गटातले चार घोडे परतीच्या वाटेवर चालायला लागले आणि ही दुसरी आली.

अठरा घोडे, तीन गट, प्रत्येक गटातले दोन फायनलला. असे सहा झाले. माझा हिशेब साधा होता: वादळ एकटी आगपेटी, एकोणसाठ; कवडी त्रेसष्ट. चार सेकंद म्हणजे मांडवापासून चहाच्या हॉटेलाएवढं अंतर. मी अनुसयाबाईंना म्हणालो, "मावशी, दुसरा नंबर व्हईल."

"दुसऱ्याला गवत हाय का?"

"न्हाई. दुसऱ्याला शाल हाय."

"शाल मेंढरं खातेत का?"

आणि मग, साहेब, तुम्हीच देवासारखे धावून आलात. तुमचे मेहुणे माणिकराव. त्यांचा घोडा तुफान, तोही आगपेटी, आपल्या गटात दमून तिसरा आला होता. म्हणजे बाद. पण तुमच्या घरात वादळ आणि तुफान, हवामान खातंच जणू तुमच्याकडं. तुम्हाला वाटलं, पहिला नंबर घरात येतोच आहे, दुसरा तरी बाहेर काहून जाऊ द्यायचा? बहीण-भावाच्या घरात नाराजी नको. मागं जिल्हा परिषदेचं तिकीट मेहुण्याला दिलं नव्हतं, ते खुपत होतंच. संध्याकाळी गुरुजींनी माईकवर वाचलं: "खास बाब म्हणून तुफान या घोड्यास अंतिम फेरीत प्रवेश देण्यात येत आहे." सहाच्या जागी सात घोडे. कुणी एक शब्द बोललं नाही. मी तर टाळी वाजवली.

सकाळी उठून मी शालूबाईंच्या हॉटेलात गेलो. शालूबाईंचं हॉटेल जत्रेच्या तोंडाशीच. माझ्याकडं एक जुना फ्लेक्स होता. त्याच्या पाठीवर लाल ऑइलपेंटनं हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं: वादळ आणि तुफान एकमेकाला जाळणार. कवडी पहिली येणार. खाली माझं नाव.

शालूबाई कढईतली भजी काढत म्हणाल्या, "काय रे धम्मानंद, जिवावर उठलास का? आन् हे फ्लेक्स कुणाचं हाय?"

"साहेबांच्या वाढदिवसाचं. पुढून साहेब हायेत, पाठ कोरी होती."

"साहेबाचं तोंड भिंतीकडं केलंस?"

"मग काय भज्याकडं करू?"

त्या हसल्या आणि खिळा ठोकायला बाकड्यावर चढल्या. अकरा वाजेपर्यंत अर्ध्या जत्रेनं तो फ्लेक्स वाचला. लोक मला वेड्यात काढत होते, चहा मात्र पाजत होते.

फायनल तुम्ही मांडवातून पाहिली. मी लिंबापाशी पाहिली, म्हणून मी सांगतो ती खरी.

वादळ आणि तुफान सव्वीस सेकंदांत आले. अठ्ठावीस नाही, सव्वीस. मानेला मान. दोघांचे कान पाठीला चिकटलेले, फेस उडून एकमेकाच्या तोंडावर पडत होता. वादळवर नांदेडकडून पगारावर आणलेला स्वार, उत्तमसिंग. तो वळणावर ओरडत होता, "पीछे ले! मागं घे रे, तुला दुसरा यायचंय!"

तुफानवाला रडकुंडीला आलेला. "मी घेऊन राहिलो! घोडं ऐकून न्हाई राहिलं!"

घोड्याला नातं कळत नाही. माणिकरावांनी आपल्या स्वाराला खरंच मागं राहायला सांगितलं होतं का, ते त्यांचं त्यांना माहीत.

त्यांच्या मागून चार घोडे आले आणि सगळ्यांच्या शेवटी, बत्तीस सेकंदांवर, कवडी. शिवहार तिच्या मानेवर वाकून काहीतरी बोलत होता. मी झेंडी खाली ठेवली आणि परतीची वाट बघत राहिलो. निम्म्या वाटेवर तुफान थांबल्यागत झाला. वादळचे पाय जड पडायला लागले. आणि मग जे झालं त्यावर तुम्ही हसायला पाहिजे होतं, साहेब. मागून येणाऱ्या चारही स्वारांनी वादळ मंदावलेला बघून आपापले लगाम ओढले! पुढं जाण्याची सोय असताना चौघं वादळच्या मागं रांगेत पळत राहिले, रेशन दुकानापुढं उभे असल्यासारखे. शिवहारचं कुणी तुमच्या शाळेत नाही, त्याचा ऊस नाही, त्याला सरपंच व्हायचं नाही. त्यानं कवडीला रांगेच्या बाहेरून काढलं.

मांडवाच्या खांबावर तुमचं लाल आकड्यांचं घड्याळ. कवडी त्रेसष्ट. वादळ पासष्ट.

माईकवर गुरुजी म्हणाले, "आणि पहिला क्रमांक... पहिला क्रमांक... एक मिनिट हं."

ते मिनिट अजून संपलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला समितीच्या ऑफिसात बोलावलं. टेबलावर माझा फ्लेक्स. फाडला असेल, जाळला असेल असं मला वाटलं होतं; पण एका बाजूला तुमचा हात जोडलेला फोटो, त्यामुळं कुणाची हिंमत झाली नसावी. नीट घडी घालून ठेवला होता. तुम्ही होतात, माणिकराव होते, चिटणीस होता. नेहमी तुम्ही मला धम्म्या म्हणता. त्या दिवशी म्हणालात, "धम्मानंद, बस." खुर्ची दिली. चहा आला तो कपबशीत आला. बारा वर्षं मी त्या ऑफिसच्या पाट्या रंगवल्या, चहा मिळाला तो दारात आणि कागदी कपात.

तुम्ही म्हणालात, "निकाल आधी लिहिलास, म्हणजे ठरवून झालं. कुणी कुणी मिळून केलं ते सांग. तकलीफ देणार नाही."

"कुणीच न्हाई केलं साहेब. दिसत होतं, ते लिवलं."

"काय दिसत होतं?"

माणिकराव म्हणाले, "दाजी, ह्याला काय दिसतंय? झेंडी धरणारा माणूस ह्यो."

हे मला लागलं. मी कपबशी खाली ठेवली आणि बोलायला लागलो. आगपेटी, सावली, निखारा. अठ्ठावीस-एकतीस, बत्तीस-एकतीस. वसमतच्या घोड्याची गोष्ट. तुफान घातला नसता तर वादळ चार सेकंदांनी जिंकला असता, हे टेबलावर बोट आपटून सांगितलं. पाऊण तास बोललो. आयुष्यात पहिल्यांदा मांडवातले लोक माझं ऐकत होते. तुम्ही मधे मधे "वा" म्हणत होतात. दुसरा कप मागवलात. मी तोही प्यालो.

तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या भिंतीवर कागद लागला. तांत्रिक कारणास्तव निकाल राखून ठेवण्यात येत आहे. आठ दिवसांनी अंतिम फेरी पुन्हा घेण्यात येईल. गटात तिसऱ्या आलेल्या घोड्यास दिलेला खास प्रवेश नियमात बसत नसल्याने रद्द. निकाल लागेपर्यंत गायरानाची मागील व्यवस्था कायम राहील.

तो कागद मी दोनदा वाचला. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा घाम आला. तुफान काढला म्हणजे वादळ परत एकटी आगपेटी. हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी शिकवलं. कुलूप तुमचं होतं, किल्लीही तुमची होती. फक्त कोणत्या बाजूला फिरवायची ते मी सांगितलं.

मी तसाच अनुसयाबाईंच्या तळावर गेलो. त्या एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होत्या, शिवहार कवडीच्या पायांना तेल चोळत होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"तू सांगितलंस त्यांला?"

"व्हय."

"समदं?"

"व्हय मावशी."

"चहा बरा व्हता का?"

शिवहारच म्हणाला, "आई, जाऊ दे. परत पळू. एकदा हारवलाय त्याला, परत हारवू."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "खरं बोल आता. काय व्हईल?"

"एकटा सुटला तर वादळ जिंकल. चार सेकंदानं." मग मी घाईनं म्हणालो, "पण एक करता येतं. वसमतच्या त्या वरातीच्या घोडेवाल्याला मी ओळखतो. फायनलमधल्या कुणाच्या तरी नावावर त्याला आत घालू. वादळच्या मानेवर लावून देऊ. बाकी कवडी बघून घेईल."

"म्हंजे आपून ठरवून करायचं?"

"ते करून राहिले, मग आपून..."

"त्ये म्हणतेत ठरवून केलं. आजपर्यंत ते खोटं व्हतं. तू ते खरं करून देतोस व्हय रे?"

शिवहार चिडला. "मग करावं काय, आई? परत पैनगंगेपल्याड जायचं? बावीस मेली तिकडं."

"पळायचं ते माझी घोडी पळाली." त्यांनी कोकराच्या तोंडातून बाटली काढली. "पंगतीत जेवून उठल्याला कुणी म्हणतं का, तू जेवलास ते आमाला दिसलं न्हाई, परत बसून जेवून दाखव? परत पळवली म्हंजे मीच म्हणल्यागत व्हतं, आधी पळालीच न्हवती. न्हाई पळवत. शिवहार, मेंढरं काढ. फाटकापाशी नेऊन बशीव."

त्या दिवसापासून एकशेचाळीस मेंढरं फाटकाबाहेर आहेत. बाया-बापड्या येता-जाता शेवरीची पेंढी टाकतात, कुणी तुरीचा पाला टाकतं. त्यानं पोट भरत नाही. मी हे लिहायला बसलो तोवर चार मेली. चारही याच वर्षीची.

आता तुमची दुसरी फायनल. मला लिंबापाशी उभं केलं नाहीत, कुणालाच केलं नाहीत. आता गरज नव्हती ना. पण कुंपणाची तार लिंबाच्या जवळूनच जाते आणि आम्ही तारेबाहेर होतो, म्हणून पाहायला मिळालं. कवडी आली नाही. बाकीचे चार घोडेही आले नाहीत. बंड वगैरे काही नाही, एवढे शूर ते नाहीत. पण फ्लेक्स सगळ्यांनी वाचलेला आणि माझा हिशेब एव्हाना हॉटेलाहॉटेलात पोचलेला. टेम्पोचं भाडं भरून दुसरा यायला कोण येतो? एकानं घोडा लंगडतोय म्हणून कळवलं, एकानं लग्न काढलं.

तरी शर्यत झाली. पाहुणे आले होते, हार आले होते, त्यामुळं ती व्हायलाच पाहिजे होती. वादळ एकटा रेषेवर. ज्ञानबा गुरुजींची मला खरंच दया आली. पंधरा वर्षं शाळेत प्रार्थना सांगितलेला माणूस, तो माईकवर म्हणत होता, "आणि वादळनं आघाडी घेतलेली आहे! वादळ अजूनही आघाडीवर! मागं कोणीही नाही!"

माझ्या हिशेबात एकटी आगपेटी म्हणजे एकोणसाठ सेकंद. तो हिशेब चुकला, हे मी इथं लिहून कबूल करतो. मागून चार घोड्यांच्या टापा ऐकायची त्या जनावराला सवय होती. टापा नाहीत म्हटल्यावर ते निम्म्या वाटेतच दुडक्या चालीवर आलं. लिंबापाशी तर थांबलं. मान खाली घातली आणि गवत खायला लागलं. उत्तमसिंग टाचा मारतोय, आईबहिणीवरून शिव्या देतोय, आणि वादळ चरतोय. तारेच्या या बाजूला मेंढरं त्याच्याकडं बघत उभी. अनुसयाबाई म्हणाल्या, "खाऊ दे त्याला. त्याच्या मालकाचंच हाय न्हवं."

मांडवातून धुळीमुळं काही दिसलं नसेल तुम्हाला. पण खांबावरचं घड्याळ तुमचंच आहे, ते धुळीनं थांबत नाही. वादळ परत आला तेव्हा लाल आकडे एकाहत्तर दाखवत होते. मांडवातल्या दोनशे माणसांनी ते वाचले आणि दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही पहिल्या नंबरचा हार घातलात. दुसऱ्या नंबरची शाल माणिकरावांना दिलीत, घोडा नसताना. दुपारी चार वाजता फाटक उघडलं, साठ म्हशी आत गेल्या, कुलूप लागलं.

ठरवून केलं, असं तुम्ही म्हणालात. मग ज्यांनी ठरवलं त्यांची नावं सांगा. त्या चार स्वारांनी लगाम का ओढले, ते त्यांना मांडवात उभं करून विचारा. तुम्ही विचारणार नाही, कारण उत्तर तुमच्या तोंडावर येईल. ते राहू द्या. घोड्यांचं मला जेवढं कळतं तेवढंही बाजूला ठेवा, आगपेटी विसरा, निखारा विसरा. पट्टी एक, लिंब एक, घड्याळ एक. त्याच घड्याळात आमची घोडी त्रेसष्टला आली आणि तुमचा घोडा एकाहत्तरला.

हा कागद मी ऑफिसच्या दारावर चिकटवतोय. पाचवं मेंढरू आज सकाळपासून उठलेलं नाही. समितीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी, एवढंच लिहून द्या साहेब: त्रेसष्ट आधी येतात का एकाहत्तर? आणि फाटकाची किल्ली कुणाच्या हाती पाठवताय?